सैल घड्याळाला निरोप

घाटमाथ्यावरच्या एका शहरात सगुणा नावाची एक बाई सॉफ्टवेअर लिहायची. तिच्या कंपनीचं काम मोठं गमतीचं होतं. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा, असं ते सॉफ्टवेअर. पोटातला कॉम्प्युटर हाताला लागत नसे, पण वागे अगदी खऱ्यासारखा. ज्यांचे जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नसत, ते लोक या पोटातल्या कॉम्प्युटरवर ते बिनबोभाट चालवत.

हा कॉम्प्युटर सुरू करताना एक कमांड द्यावी लागे आणि कमांडच्या शेपटीला हवे ते ऑप्शन जोडता येत. त्यांतला एक होता 'सैल घड्याळ'. तो सगुणानेच लिहिला होता, नोकरीला लागली त्या वर्षी. तेव्हाची मशीनं अशक्त. पोटातल्या कॉम्प्युटरला वेळ सांभाळताना धाप लागायची. सगुणाने त्याला सांगून टाकलं, काही ठोके चुकले तर चुकू देत, तू आपला पुढे चल. घड्याळ जरासं मागे पडे, पण काम अडत नसे. या एका युक्तीवर तिचं नाव झालं होतं.

पंधरा वर्षं गेली. मशीनं दणकट झाली. सगुणाने 'नेमकं घड्याळ' नावाचा नवा ऑप्शन लिहिला. तो एक ठोकाही चुकत नव्हता. जुना मात्र आता नुसता पायात येत होता. कुठलीही दुरुस्ती करायची तर त्याला वळसा घालून करावी लागे. आपल्या हातचं पहिलं काम मोडायचं म्हणजे जिवावर येतंच, सगुणालाही आलं. पण 'याचे दिवस भरले' असं बैठकीत सांगितलं ते तिनेच.

त्या कंपनीची रीत अशी होती की जुना ऑप्शन एकदम काढायचा नाही. दोन व्हर्जनपर्यंत तो चालू ठेवायचा आणि जो वापरेल त्याच्या स्क्रीनवर एक ओळ उमटवायची: 'हा ऑप्शन लवकरच बंद होणार आहे. याऐवजी नेमकं घड्याळ वापरा.' तिसऱ्या व्हर्जनला तो काढायचा. ओळ उमटू लागली. एक व्हर्जन झालं, दुसरं झालं. कुणाची तक्रार नाही, पत्र नाही, फोन नाही.

कंपनीचे प्रमुख विद्याधरराव खूश झाले. "बघा, कुणी वापरतच नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात काढून टाका."

सगुणाच्या मनाला ते पटेना. ओळ उमटली हे खरं, पण ती कुणी वाचली का? तिने कंपनीचा जुना पत्रव्यवहार उपसायला घेतला. लोक हसले. तिसऱ्या दिवशी बारा वर्षांपूर्वीचं एक पत्र तिच्या हाती लागलं. कोकणातल्या आंबेखोल गावाचं होतं ते. गावच्या खाडीत ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि गावातल्या बायका तिथे वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जातात. पाणी उतरलं की काठावरचा भोंगा वाजतो, तेव्हा जायचं. भरती लागायच्या आधी तो पुन्हा वाजतो, तेव्हा परतायचं. भोंग्याच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम जुना होता, नव्या मशीनवर चालेना. तर काय करावं, असं गावाने विचारलं होतं. खाली उत्तराची प्रत जोडलेली होती: 'सैल घड्याळ हा ऑप्शन लावा.' सही सगुणाचीच होती.

तिने लगेच फोन उचलला. पत्रातला फोन नंबर कधीच बंद पडला होता. गावाचं मशीन नवं व्हर्जन आपोआप उतरवून घेणार, त्यात जुना ऑप्शन नसणार, आणि मग भोंगा वाजणारच नाही. ती तडक विद्याधररावांकडे गेली.

विद्याधररावांकडे तोड तयार होती. "मग नाव जुनंच ठेवा आणि आत नेमकं घड्याळ बसवा. कुणाला कळणार आहे?"

युक्ती नामी होती. प्रवास नको, उशीर नको. सगुणालाही क्षणभर मोह पडला. पण ती म्हणाली, "ज्याचं घड्याळ आहे त्याला न सांगता ते बदलायचं, हे बरं नव्हे. मी जाऊन येते."

"एका भोंग्यासाठी व्हर्जन थांबवायचं?"

"त्या भोंग्यावर बायका पाण्यात उतरतात, सर."

विद्याधररावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण व्हर्जन थांबवलं.

आंबेखोलच्या जेटीजवळ एक खोली होती. तिथे बाबल तांडेल नावाचा साठीचा माणूस भोंगा सांभाळायचा. खोलीत कॉम्प्युटर होता, कीबोर्ड होता, स्क्रीनच नव्हता.

"स्क्रीन कुठे गेला?" सगुणाने विचारलं.

"तो शाळेक दिलो," बाबल म्हणाला. "भोंग्याक स्क्रीन कित्याक व्हयो?"

म्हणजे कंपनीची ती शहाणी ओळ इतके दिवस भिंतीला सूचना देत होती! सगुणाला हसावं की रडावं कळेना. तिने शाळेतून स्क्रीन मागून आणला, जोडला, आणि चकित झाली. सैल घड्याळ चालू होतं, तरी वेळ अगदी बरोबर होती.

बाबल हसला. "ताई, ह्या घड्याळ आळशी आसा. आठवड्याक चार मिनटां मागे पडता. मगे मी दर सोमवारी बटणां दाबून त्याका पुढे ढकलतंय. बारा वर्सां झाली."

"हे कुणाला कळवलं नाहीत?"

"कोणी इचारूकच नाय."

सगुणाने मनात हिशोब मांडला. गुपचूप नेमकं घड्याळ बसवलं असतं तर? हा भला माणूस बरोबर चालणारं घड्याळ दर सोमवारी चार मिनिटं पुढे ढकलत राहिला असता. दोन महिन्यांत ते अर्धा तास पुढे गेलं असतं. पाणी उतरायच्या आधीच भोंगा वाजला असता, आणि बायका भोंग्यावर भरवसा ठेवून खोल पाण्यात शिरल्या असत्या. त्या बायकांत बाबलची बायको सुभद्राही होती.

तिने बाबलला सगळं समजावून सांगितलं. नवा ऑप्शन लावला आणि म्हणाली, "आता सोमवारी याला हात लावायचा नाही."

बाबलचा चेहरा पडला. "माझी घरवाली त्या पाण्यात असता. आणि तुमी हात लावू नको म्हणतास?"

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका," सगुणा म्हणाली. "तुमचं मनगटावरचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांना लावून घ्या आणि रोज ताडून बघा. फरक पडला तर जुनं घड्याळ मी स्वतः परत बसवीन. तोवर मी इथून हलत नाही."

आणि ती खरंच हलली नाही. पहिल्या सोमवारी बाबलचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. घड्याळात काडीचा फरक नव्हता. दुसऱ्या सोमवारीही नव्हता. इकडे विद्याधररावांचे फोनवर फोन येत होते आणि सगुणा प्रत्येकाला 'अजून एक आठवडा' एवढंच सांगत होती. तिसऱ्या सोमवारी बाबलने घड्याळं ताडली आणि तोच म्हणाला, "ताई, आता तुमी जावा. माका पटला."

सगुणा परत आली. पुढच्याच सोमवारी नवं व्हर्जन निघालं. सैल घड्याळ त्यात नव्हतं. जिथे तिची पहिली ओळ लिहिलेली होती ती जागा सगुणाने स्वतःच्या हाताने पुसली होती. सारी कचेरी तक्रारींची वाट बघत बसली. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. एकही आली नाही. दुपारी फोन खणखणला आणि विद्याधररावांनीच तो उचलला.

"ताई खय आसत? त्यांका सांगा, दोनय भोंगे वाजले, अगदी टायमार! बायो सगळ्यो भायर इल्यो. आयका!"

बाबलने फोन खाडीकडे धरला असावा. चाळीसएक बायकांचा गलका कचेरीभर घुमला. भरलेल्या टोपल्या काठावर आदळत होत्या आणि कुणीतरी खदखदून हसत होतं. मग पुन्हा बाबलचा आवाज आला. "आणि त्यांका सांगा, मी आता चेडवाकडे, माझ्या लेकीकडे, गोव्याक चललंय. बारा वर्सांत माका सोमवारी गाव सोडूक मिळाला नव्हता!"

सगुणाचे डोळे भरून आले. पंधरा वर्षांपूर्वी नाव झालं तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता. विद्याधरराव खुर्चीतून उठले, सगळ्यांदेखत तिच्यापाशी आले आणि म्हणाले, "काढायच्या जुन्या ऑप्शनची यादी आणा. आता पुढच्या गावाला मी येतो."

तात्पर्य: जुनी गोष्ट बंद करायची तर नुसती सूचना लावून भागत नाही, जो तिच्यावर विसंबून आहे त्याच्या दारी जावं, नवी गोष्ट त्याला पटवून द्यावी, आणि मगच जुनी काढून घ्यावी.