दुधाच्या साखरेची काळी बिअर

एकदा एक कॉफीचा व्यापारी घरच्या घरी बिअर करायला शिकावं म्हणून एका वृद्धाकडे गेला. ऐकून भुवया उंचावू नका. शिकवणारा खरा असला की विषय कुठलाही चालतो, आणि हे वृद्ध खरोखर जाणते होते. हयातभर रसायनशास्त्र शिकवून ते डोंगरातल्या एका गावी स्थिरावले होते आणि स्टाउट नावाची काळी, दाट बिअर हौसेने करीत.

व्यापाऱ्याला ही विद्या हवी होती ती मुलासाठी. श्रीरंग त्याचा एकुलता एक. कॉफीच्या बिया भाजण्याचं काम बापाने त्याच्यावर सोपवलं होतं, म्हणजे तोंडाने सोपवलं होतं. रोज सकाळी बाप भट्टीपाशी हजर. बिया हातात घे, हुंग, दाताखाली फोड, "जरा आच कमी कर रे" म्हण. पोरगा वैतागला, भांडला आणि अखेर दूरच्या शहरात दुसऱ्या कुणाच्या भट्टीवर नोकरीला लागला. आता दिवाळीला तो चार दिवस येणार होता. त्याला स्टाउट आवडायची. आपल्या कॉफीची स्टाउट त्याच्यापुढे ठेवावी आणि "परत ये" म्हणावं, एवढाच त्या बापाचा मनसुबा होता.

वृद्धांनी त्याला हाताशी घेऊन शिकवलं. मोड आणून भाजलेल्या जवाचा काढा केला, कडवटपणासाठी त्यात हॉप्सची फुलं उकळली, मग दुधाची साखर घातली. सगळं गार झाल्यावर यीस्ट सोडलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. झाकणात एक नळी होती. आतला वायू तिच्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडे, पण बाहेरची हवा आत जात नसे.

"हा डबा घरी न्या, शेठ," वृद्ध म्हणाले. "मी सांगेपर्यंत झाकण उघडायचं नाही. कॉफी अगदी शेवटी घालू."

"पण उघडलं नाही तर आत काय चाललंय ते कळणार कसं, नाना?"

"नाहीच कळणार. तेच तर शिकायचंय."

व्यापाऱ्याने मान डोलावली खरी. पण हात स्वस्थ बसतील तर तो व्यापारी कसला! रोज झाकण उचलून हुंगणं, पळीभर चाखणं, जाता जाता जरा ढवळणं सुरू झालं. व्हायचं तेच झालं. वृद्धांनी चव घेतली तेव्हा बिअर आंबट ढाण झाली होती.

ते रागावले नाहीत. "पुन्हा लावू," एवढंच म्हणाले. या वेळी सगळं त्यांनी एकट्यानेच केलं आणि झाकण बसवलेला डबा व्यापाऱ्याच्या स्वाधीन केला.

सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्याने मोठ्या निग्रहाने काढले. पण नळीतून एकही बुडबुडा येईना, तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला. दिवाळी तोंडावर आलेली, आणि आत यीस्ट मेलं असलं तर? एका दुपारी त्याने झाकण उघडलं. आत निव्वळ पाणी होतं.

तो तणतणत वृद्धांकडे गेला. "नाना, ही कसली थट्टा? माझा मुलगा येतोय, आणि तुम्ही मला डबाभर पाणी दिलंत!"

वृद्धांनी शांतपणे विचारलं, "पाणी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मग वृद्धांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन दुसरा डबा दाखवला.

"तुमची बिअर ही. हिला कुणी हात लावलेला नाही. आता ऐका. यीस्ट जवातली साखर खातं, पण दुधाची साखर त्याला पचत नाही. ती तशीच मागे राहते, म्हणून ही बिअर कडू असूनही गोड लागते. भांडणातही असं काहीतरी मागे राहतं, शेठ. बापलेकांच्या भांडणात तर राहतंच. पण झाकण सारखं उघडलं की हवेतले जंतू आत शिरतात, आणि त्यांना ती साखर पचते. पहिल्या डब्यात तुम्ही वाईट काहीच घातलं नव्हतं. नुसते बघत होतात, तेही काळजीने. आंबायला तेवढं पुरतं."

व्यापारी खाली बसला. "जाताना श्रीरंग एकच म्हणाला होता," तो म्हणाला. "'बाबा, एकदा तरी मला चुकू द्या.' मला तो उद्धटपणा वाटला, नाना."

दिवाळी आली, श्रीरंगही आला. थंड पाण्यात भिजवलेल्या कॉफीची ती स्टाउट त्याने घोटाघोटाने संपवली. "फार सुरेख झालीय, बाबा," तो मनापासून म्हणाला.

बापाने धीर केला. "भट्टी तुझी. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. परत येतोस?"

श्रीरंगने ग्लास खाली ठेवला. "तिथे मी सुरुवातीला पोतंभर बिया करपवल्या. कुणी बघायला आलं नाही. मग हळूहळू हात बसला. आता ती भट्टी माझी वाटते, बाबा." मग तो म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा म्हणाला असतात तर..." भाऊबीज झाली तसा तो गेला.

बापाला फार वाईट वाटलं. मुलगा त्याच्यावर रागावलेला नव्हता, पण परतही येणार नव्हता.

पुढे वृद्ध भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "शेठ, नवा डबा लावू या?"

"बिअर पुन्हा लावता येते, नाना. गेलेले दिवस नाहीत," व्यापारी म्हणाला.

वृद्ध त्याच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी काहीही विचारलं नाही.