चिंचेवरचा कोतवाल

पक्षी अजून एकच भाषा बोलत, त्या काळातली गोष्ट. गावाबाहेरच्या चिंचेवर रोज संध्याकाळी त्यांच्या गप्पा रंगत. शिवी देणाऱ्याला किंवा नाव घेऊन दोष देणाऱ्याला गप्प करायचं काम कोतवाल पक्ष्याकडे होतं.

एकदा साळुंकी म्हणाली, "काहींची पिल्लं म्हणे घरट्यातच म्हातारी होणार!" सगळे हसले. बुलबुलाच्या पिल्लाचा एक पंख अधू होता. ते आईच्या पोटाखाली सरकलं.

"कोतवालदादा, हिला थांबवा ना," आई म्हणाली.

"शिवी नाही, नाव नाही. कशावरून थांबवू, वहिनी?" कोतवालालाही वाईट वाटत होतं. त्याच्या जागी मी वेगळं वागले असते, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

मग तो विनोद रोजचाच झाला. पाचव्या दिवशी आई किडे आणायला गेली असताना पिल्लाने सगळ्यांना दाखवायला उडी मारली. ते खाली दगडावर पडलं आणि पुन्हा हललं नाही.

"साळुंकीनं मारलं माझ्या बाळाला!" आई आक्रोश करत फांदीफांदीवर फिरू लागली.

यात नाव होतं. कोतवालाने मान खाली घातली आणि तिला गप्प बसायला सांगितलं.