न पुसता घ्यायची चिलीम

कातळवेढ्याच्या कुंभारआळीत येसाजीच्या दुकानापुढे फुटक्या चिलमींच्या खापरांचा गुडघाभर ढीग आहे. पाहुण्यांना वाटते, उकिरडाच. उकिरडा नव्हे, मंडळी! यातली एकही चिलीम कच्ची निघाली म्हणून फोडलेली नाही. सगळ्या खणखणीत होत्या. मग का फोडल्या, ते ऐका.

फार पूर्वी, असे सांगतात, या आळीत राणू कुंभार होता. आव्यातून निघालेली प्रत्येक चिलीम तो आधी रिकामीच ओढून पाही. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, ती ओठांनाच कळते. त्याचा बाप, आजा, सगळे असेच करीत आलेले.

गावचे वतनदार सर्जेराव. त्यांच्या लेकीची सोयरीक ठरत होती. चाळीस पाहुणे येणार, म्हणून चाळीस चिलमी हव्या होत्या. कारभारी निरोप घेऊन आला, "सरकारांनी बजावलंय, तोंड लावायचं नाही. कुंभाराचं उष्टं पाहुण्यांना चालायचं नाही."

राणूच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षे वाड्यावर ओढल्या त्या काय देवाने येऊन ओढून पाहिल्या होत्या? पण हुकूम तो हुकूम. चाळीस चिलमी तशाच टोपलीत भरून दिल्या.

बैठक बसली. त्या काळी दोन्ही व्याह्यांनी एकाच चिलमीचा झुरका घेतला की सोयरीक पक्की होई. सर्जेरावांनी चिलीम ओढली, धूर येईना. दुसरी घेतली, तिची तीच गत. चाळीसच्या चाळीस, म्हणे, मुक्या! व्याही पगडी सावरत उठले. अपशकुन झाला म्हणाले. आत माजघरात पोरगी रडू लागली.

व्याह्यांना कसेबसे थांबवून राणूला धरून आणले.

"दावा साधलास काय रे?" सर्जेराव गरजले.

"दावा कसला, सरकार? तुमचा हुकूम पाळला. ओठ लावले नाहीत, तर खोट कळावी कशी?"

"मग लाव आता!"

"लावतो. पण इथं, सदरेवर बसून. आणि माझ्या हातून न पुसता घ्यायची. छापीसुद्धा गुंडाळायची नाही."

छापी म्हणजे चिलमीच्या बुडाचे ओले फडके. तेवढाही आडोसा राणूने ठेवला नाही. सर्जेरावांनी एकवार माजघराकडे पाहिले आणि मान हलवली. राणू बैठकीवर चढला, समोरची चिलीम उचलून त्याने दम भरला, आणि त्याच मुक्या चिलमीतून धूर निघाला! खोट होती की चमत्कार, देव जाणे. सर्जेरावांनी ती तशीच ओठांना लावली. मग व्याह्यांनी लावली. लग्न झाले, पोरीचा संसारही सुखाचा झाला म्हणतात.

आजही येसाजी गिऱ्हाइकादेखत चिलीम ओढतो आणि तशीच हातात देतो. कोणी पुसली की हिसकावून त्या ढिगावर आपटतो. मागे एक शौकीन आला होता. म्हणे, "काचेच्या कपाटात ठेवायचीय, तोंड नका लावू." येसाजी म्हणाला, "मग फोटो काढून न्या!" आळीत आता फिरते चाक एवढे एकच उरले आहे. शहाणे लोक त्याला सांगतात, थोडे नमते घे, धंदा टिकेल. असला टिकवून काय करायचाय, डोंबल? तेव्हा ज्याला घ्यायची असेल त्याने पुढे व्हावे, आणि रुमाल खिशातच राहू द्यावा.