लाखेचा गडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या म्हाताऱ्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. त्यानं कुणाचं काही अडलेलंही नाही.

एका डोंगरावर एक गाव होतं. गावाला विहीर एकच, तीही साठ हात खोल. तिचं पाणी शेंदायचं काम एकाच घराकडे. आईनं शेंदायचं, तिच्यानंतर लेकीनं, मग तिच्या लेकीनं. असं का, म्हणून विचारलं की चावडीवरून एकच उत्तर यायचं, "चालत आलंय."

त्या वेळची पाणकीण तीस वर्षं दोर ओढत होती. तिचा उजवा खांदा आता दारासारखा करकरायचा. वैद्यानं खांदा दाबून पाहिला आणि म्हणाला, "बाई, एवढा उन्हाळा निघेल कसाबसा. पुढं हा हात वेणी घालायलासुद्धा वर जायचा नाही."

पाणकिणीला एक लेक होती, विशीतली. गाव म्हणायचं, हिनं शाळा सोडली. खरं असं होतं, की शाळा भरायची ती पाणी शेंदायच्या वेळेला. ही आईच्या हाताला हात लावून धावत पोचायची, तोवर पंतोजी दार लावून घ्यायचे. उशीर का झाला ते त्यांनी कधी विचारलं नाही. पहिली घागर त्यांच्याच घरची असायची.

तीन वर्षांपूर्वी एक परमुलखातला कारागीर त्या वाटेनं जाताना पाणी प्यायला थांबला. त्यानं पाणकिणीचा खांदा पाहिला, विहीर पाहिली, दोर हातात धरून पाहिला. म्हणाला, "ताई, मी तुला एक गडी पाठवतो. तो दमायचा नाही." गावात हसू झालं. पण या उन्हाळ्यात खरोखरच एक बैलगाडी चढण चढून आली. गाडीत लांबरुंद पेटी आणि पेटीवर पाणकिणीचं नाव.

भर दुपारची वेळ होती. चावडीत गावाचा कारभार बघणारे पाच ज्येष्ठ पंचे तोंडावर घेऊन घोरत होते. म्हणून गाडीवान विहिरीवर आला आणि लेकीला म्हणाला, "कारागिराचा निरोप नीट ऐक. गडी लाखेचा आहे, सुट्या तुकड्यांत. प्रत्येक तुकडा काडीला चिकटलेला आहे आणि काडीवर त्याची खूण आहे. तुकडा तोडायचा तो बसवायच्या वेळी. आधी नाही. आधी तोडलास तर तो कुठला, हे मग देवालाही सांगता यायचं नाही."

निरोप सोपा होता. लेकीनं तो तिथल्या तिथं दोनदा म्हणून दाखवला. गाडीवान पाणी पिऊन गेला.

आता पेटी उघडायची, बसवायची, आईला दोरापासून सोडवायची. सरळ काम. पण त्या गावात सरळ काम सरळ होऊ दिलं तर ज्येष्ठांनी दिवसभर करायचं काय? बाहेरून आलेली पेटी पाच ज्येष्ठांसमोरच उघडायची, असा नियम होता. पेटी चावडीत गेली. मग मुहूर्त. मुहूर्त निघाला नवव्या दिवशीचा. ते नऊ दिवस पाणकीण डाव्या हातानं दोर ओढत होती आणि उजवा हात नुसता टेकवत होती.

नवव्या दिवशी झाकण निघालं. वर चित्रं काढलेलं एक लांबलचक कापड. खाली पेंढा. पेंढ्याखाली लाखेच्या चौकटी, पांढऱ्या, निळ्या, लाल. चौकटीच्या काड्यांना, डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे तुकडे लगडलेले.

"गडी कुठंय?" पाचांतले थोरले, आबा, म्हणाले. "मला वाटलं, आत उभा असेल."

"पेटी आडवी आहे, आबा," तात्या म्हणाले.

"मग आडवा असेल म्हणा. आहे कुठं?"

परीक्षा सुरू झाली. एकानं लाखेचा वास घेतला. एकानं तुकडा कानाशी नेऊन वाजवला. अण्णांनी एक चावून पाहिला. त्यांना दात तीनच, त्यातला एक तेव्हापासून हलायला लागला. तात्या यादी करत होते.

"हा काय, पाय लिहू?"

"गुडघा आहे तो, तात्या," लेक म्हणाली.

"गुडघा पायातच येतो. पाय लिहितो."

लेकीनं दाराशी उभं राहून ओठ चावले. मग राहवेना, ती पुढं झाली. "आबा, काडीवर बघा. प्रत्येक तुकड्यापाशी खूण आहे. हा मासा, त्याखाली तीन ठिपके. कापडावरच्या चित्रातही तोच मासा, तेच तीन ठिपके. म्हणजे हा इथं बसतो. काड्या मोडायच्या नाहीत, असा निरोप आहे."

"निरोप? मग तो आम्हाला का नाही दिला?"

"तुम्ही झोपला होतात."

"आम्ही विचार करत होतो," आबा म्हणाले. "आणि चित्रं ही पोराटोरांसाठी असतात. शाळा सोडलेल्यांनी चावडीला शिकवू नये."

मग जेवणाची वेळ झाली. परीक्षा तशीच टाकून पाचही जण घरी गेले आणि पोटावर हात फिरवून तिथंच आडवे झाले. चावडी रिकामी. लेकीनं कापड पसरलं. तोडायला काही हवं होतं. आबांच्या पानाच्या डब्यात अडकित्ता होता. तिनं तो घेतला.

कट्. मासा, एक ठिपका. कट्. मासा, दोन ठिपके. एक तुकडा तोडायचा, चित्र बघायचं, बसवायचा, मग पुढचा. तुकडे एकमेकांत असे बसत होते, जणू काही वाटच बघत होते. चार बोटं झाली, अंगठा झाला, तळवा झाला. मनगटातून एक तार बाहेर आली होती. तिनं तळव्यात आपलं बोट ठेवलं आणि तार ओढली. लाखेची पाच बोटं मिटली. घट्ट मिटली, पण दुखलं नाही. दोर धरावा तशी.

लेक उठून आईला बोलवायला निघाली, आणि दारात आबा.

"अडकित्त्याला हात कुणी लावला?"

"आबा, हात तयार झालाय. बघा तरी! चार दिवसांत पुरा गडी—"

"अडकित्त्याला हात कुणी लावला?"

"मी. आबा, तुम्ही एकदा तार ओढून तर बघा."

"प्रश्न हाताचा नाही," आबा म्हणाले. "प्रश्न विचारण्याचा आहे. आज अडकित्ता घेतलास, उद्या तुकडा नेशील. तात्या, तुकडे किती आहेत?"

"काड्यांच्या गुंत्यात मोजता येत नाहीत, आबा."

"मग काढा काड्या."

लेक ओरडली. हात आडवे घालून उभी राहिली. तिला बाजूला केलं. पाच ज्येष्ठ मांडी घालून बसले आणि शेंगा सोलाव्यात तसे तुकडे पिरगाळून तोडायला लागले. बसवलेला हातसुद्धा त्यांनी सुटा केला, कारण तात्यांच्या यादीत बोटं होती, हात नव्हता. तुकडे आकारानं लावले, मोठे मोठ्या ताटात, बारके बारक्या ताटात. एकूण तीनशे बारा भरले. सगळ्यांना फार बरं वाटलं.

"आता कसं स्वच्छ दिसतंय," अण्णा म्हणाले.

रिकाम्या चौकटी, सगळ्या माशांसकट आणि सगळ्या ठिपक्यांसकट, साऱ्या गावादेखत चावडीपुढच्या चुलीत गेल्या.

पुढच्या मुहूर्ताला ज्येष्ठ गडी बसवायला बसले. गुडघ्यात कोपर गेलं. मानेत टाच अडकली, ती निघेना. तिसऱ्या दिवशी आबांनी निकाल दिला, "मालच खराब आहे. कारागीर लबाड." तात्यांनी ते लिहून घेतलं, पेटीवर झाकण ठोकलं, आणि गावाचं एक मोठं काम झालं असं समजून सगळे पान खायला बसले.

त्याच आठवड्यात विहिरीवर दोर सुटला. भरलेला पोहरा साठ हात खाली आपटला, त्याचा आवाज चावडीपर्यंत आला. पाणकीण काठावर बसली होती. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

पाच ज्येष्ठ आले. त्यांनी हळहळ केली. मग आबा लेकीला म्हणाले, "वाईट झालं. पोरी, उद्यापासून दोर तुझा. चालत आलंय."

लेकीनं आईला उठवून तिचा डावा हात आपल्या गळ्यात घेतला. मग म्हणाली, "चालत आलंय ना, आबा? मग आता तुमच्या दारी येऊ दे चालत."

"म्हणजे?"

"पेटी माझ्या आईच्या नावाची होती. ती, ताटं आणि कापड, तिन्ही माझ्या दारात आणा. मी बसवते. तोवर दोर तुम्ही पाच जणांनी ओढायचा."

"आम्ही? या वयात?"

"आईला कधी वय विचारलं होतं का कुणी?"

ज्येष्ठ रागावले. गाव आपल्या बाजूनं येईल असं त्यांना वाटलं. पण चुलीत काड्या जळताना साऱ्या गावानं पाहिल्या होत्या. गावातल्या बायांनी रिकाम्या घागरी आणून चावडीच्या पायरीवर ओळीनं मांडल्या आणि एक शब्द न बोलता घरी गेल्या. पहिला दिवस ज्येष्ठांनी तत्त्वावर काढला. दुसरा ताकावर. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धोतर खोचलं आणि दोर धरला.

विहिरीशेजारीच लेकीचं अंगण. तिथं ती ताटं मांडून बसली. एक तुकडा उचलायचा, तीनशे अकरा तुकड्यांना लावून बघायचा, नाही बसला की खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. कापडावर मासे होते, ठिपके होते, पण तुकड्यांवर आता काहीच नव्हतं.

"पोरी," आबांनी धापा टाकत विचारलं, "किती दिवस लागतील गं अजून?"

"काड्या असत्या तर कधीच झाला असता."

"आणि आता?"

"वर्ष तरी."

"वर्ष!" आबांचे हात सैल पडले.

"ओढा आबा, ओढा. पोहरा खाली चाललाय."

वर्ष नाही, दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत पाचही जणांचे खांदे करकरायला लागले. पंतोजींची घागर रोज शेवटी भरायला लागली. आणि अशीच एके दिवशी शेवटची टाच मानेतून निघून जागेवर बसली. लाखेचा गडी उठला, विहिरीवर गेला आणि त्यानं दोर धरला. पोहरा सरसर वर आला. गाव आनंदानं ओरडलं. पाणकीणही ओट्यावरून बघत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाजवल्या नाहीत. तिला एकच हात उरला होता.

तात्पर्य : जे आपल्याला वाचता येत नाही त्याला कचरा म्हणण्याआधी, ज्याला वाचता येतं त्याचं ऐकावं, मग त्याचं वय काहीही असो.