सूर्यमानाची तीन पदके

एका राज्यात शूरांना सूर्यमान देण्याची रीत होती. त्याच्या पायऱ्या तीन. पहिले पदक तांब्याचे, दुसरे रुप्याचे, तिसरे सोन्याचे. आपल्या वीरांनी रणात मागे वळून पाहू नये, अशी राजाची इच्छा; म्हणून काळजंघ जादूगाराने ती पदके मंतरून दिली. तांबे भय नेई, रुपे अश्रू नेई, सोने आपल्या माणसांची ओळख नेई. हे राजाने विचारले नाही, जादूगाराने सांगितले नाही.

सरदार रत्नकेतू तिन्ही पदके लेवून घरी आला. त्याची बायको हेमलेखा दारात ओवाळायला उभी होती. तो अदबीने म्हणाला, "बाई, वाटसरूला आसरा मिळेल का?"

हेमलेखेने तबक खाली ठेवले. पाय धुवायला पाणी दिले, पान वाढले, अंथरूण घातले. मग परसात जाऊन पदर तोंडात धरून रडली. तिथल्या निंबावर एक भारद्वाज बसला होता. तो बोलू लागला. पदके ओढून काढलीस तर त्याचा प्राण जाईल, म्हणाला. ती आपसूक गळली पाहिजेत. जिथे तो भ्याला तिथले पाणी आण, जिथे तो रडला तिथली माती आण.

"आणि तिसरे?"

"ते आणता येत नाही. ते त्याचे त्यालाच सुचले पाहिजे."

दोन्ही ठिकाणे तिला ठाऊक होती. नवऱ्याने एकदा हळूच सांगितली होती. पाहुण्याला दासीच्या हवाली करून ती अनवाणी निघाली. लहानपणी तो ज्या डोहात बुडता बुडता वाचला, तिथले पाणी तिने घेतले. डोंगरापलीकडे त्याने आपला घोडा पुरला होता, तिथली माती घेतली.

पाण्याचा घोट घेताच तांब्याचे पदक गळले आणि रत्नकेतूचे हात कापू लागले. माती कपाळी लागताच रुप्याचे गळले. तो ढसाढसा रडला, पण कोणासाठी ते त्याला कळेना. सोने तसेच राहिले.

हेमलेखा थकली. म्हणाली, "आपल्याला जायचे असेल तर घोडा तयार आहे. माझे काही मागणे नाही."

तो उठला, आणि त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. टाचा फुटल्या होत्या, काटे रुतले होते. तो खाली बसला. तिचे पाऊल मांडीवर घेऊन एकेक काटा काढू लागला.

"इतके कोणासाठी चाललात?"

"तुमच्यासाठी."

सोन्याचे पदक जमिनीवर पडले. त्याने मान वर केली.

"हेमा," तो म्हणाला, "फार दुखते का गं?"

त्या क्षणी काळजंघाची विद्या आटली. घरोघरचे वीर आपापली माणसे ओळखू लागले. राजा स्वतः दारी आला, क्षमा मागून गेला. सूर्यमान राहिला, पायऱ्याही तीनच राहिल्या. पण धातू साधा, आणि पदक वीराच्या गळ्यात घालायचे ते त्याच्या घरच्या माणसाने.

त्या दोघांची ताटातूट जशी सरली, तशी ऐकणाऱ्यांचीही सरो.