झिंग्यांच्या राजाचे वीस टोले

एक होता राजा. पण डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार असला नाही बरं का. हा होता झिंग्यांचा राजा. नदीच्या डोहात, अगदी तळाशी, कपारीत राहायचा. मिशा केवढ्या म्हणाल? या दारापासून थेट त्या चुलीपर्यंत! पमे, पाय आखडून घे, मिशी अडकेल. नांग्या निळ्याशार, तुमच्या हाताएवढ्या. राजा कडक होता, पण खोटा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या डोहाच्या काठी म्हसू भोई राहायचा. घरात माणसं तीनच. म्हसू, त्याची थोरली बहीण धुरपा आणि पोर भिवरा. भिवराला आई नव्हती. आबा म्हणजेच तिचं सगळं. डोक्याला तेल लावायचा तो आबा, ताप आला तर उशाशी बसायचा तोही आबाच.

हा म्हसू बुडी मारून हातानं झिंगे धरायचा. झिंगा पळतो कसा, ठाऊक आहे? मागच्या मागे! म्हणून म्हसू एक हात त्याच्या तोंडापुढे नाचवायचा आणि दुसरा गुपचूप मागे धरायचा. झिंगा पळायचा तो थेट मुठीत. मग कमरेच्या जाळीत टाकायचा. जाळीला एक वाळका भोपळा बांधलेला असायचा. जाळी सुटली तर बुडू नये म्हणून.

पण बुडी मारायची तर काठावर मोजणारं माणूस हवं. तसा राजाशी करारच होता, अगदी खापरपणजोबांपासूनचा. वीस टोले माणसाचे. विसाव्याच्या पुढे जो खाली राहील तो राजाचा. मोजणाऱ्यानं पाण्यात हात बुडवून दगडावर दगड ठोकायचा. तो आवाज खाली तळापर्यंत जातो. आणि बुडी मारणाऱ्यानं श्वास धरला की मोजणाऱ्यानंही धरायचा. मध्ये सोडायचा नाही. विसावा टोला पडला की बुडी मारणारा आधी उजवा हात वर काढायचा. मोजणाऱ्यानं तो धरायचा, मगच डोकं वर.

मोजायचं काम भिवराचं. पोर दहा वर्षांची, पण एकदासुद्धा चुकली नव्हती.

एकदा काय झालं, सकाळच्या वेळी तिघं डोहावर आली. धुरपाआत्यानं तीन दगड मांडून चूल पेटवली. म्हसूनं पहिली बुडी मारली. वीस टोले, हात वर, पाच झिंगे. दुसरी बुडी मारली. वीस टोले, हात वर, सात झिंगे. आत्यानं ते बाराही झिंगे साफ करून, हळदमीठ लावून ठेवले. मग म्हसूनं तिसरी बुडी मारली.

भिवरानं श्वास धरला. ठक. ठक. ठक. बारा झाले, तेरा झाले. आणि तेवढ्यात आत्यानं निखाऱ्यावर सुकं खोबरं टाकलं! अहाहा! शेजारी कांदा भाजत होताच. त्या वासानं पोरीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं भला मोठा श्वास घेतला, मागे वळून पाहिलं, पुन्हा एक श्वास घेतला. दगड हातातच राहिला. मग आठवलं. ठक, चौदा. ठक, पंधरा.

खाली म्हसूची छाती दाटून आली होती. पण टोले वीस झाले नव्हते. माझी भिवरा चुकायची नाही, म्हणून तो थांबला. राजा मात्र नांगीवर नांगी वाजवून आपला मोजतच होता. त्याचे वीस झाले, तेव्हा भिवराचे सतरा होते.

अठरा. एकोणीस. वीस.

हात वर आला नाही.

भिवरानं पुन्हा एकदा दगड ठोकला. पाणी गप्प. एक बुडबुडा नाही. "आबा!" म्हणून ती ओरडली आणि तशीच डोहात शिरली.

खाली, आणखी खाली. कानात दडे बसले, छाती फुटायला आली. कपारीपाशी पोचली, तर समोर मिशा हलल्या.

"कोण मोजत होतं?" राजानं विचारलं.

भिवरा खोटं बोलली असती तर कोणाला कळणार होतं? पण ती म्हणाली, "मीच मोजत होते. मी मध्येच श्वास घेतला. आबाची काही चूक नाही. मला ठेवा, त्याला सोडा."

राजा म्हणाला, "खरं बोललीस, म्हणून सांगतो. तुझा आबा झिंगा झालाय. त्याच्याच जाळीत आहे आणि जाळी वर गेलीय. तीन वेळा वीस मोज. तेवढ्यात ओळखून हात धरलास तर तुझा. नाहीतर कायमचा झिंगा."

भिवरा पाणी फाडत वर आली. बघते तर काय! धुरपाआत्या जाळी ओढून बसली होती. तिला ऐकू यायचं कमी, त्यात डोळ्यांत धूर. भाऊ पुन्हा बुडी मारून गेला असेल, असं समजून तिनं झिंगे टोपलीत ओतले होते. कढई तापली होती. पहिले बारा तिखटमिठात रटरटत होते. आणि टोपलीतला एक झिंगा हातात घेऊन तिनं त्याची मिशी कट्कन तोडली.

"आत्ये, थांब! टाक खाली! आबा आहे त्यात!"

"अगं, ओरडतीस काय अशी? वेड लागलं का तुला?" म्हणत आत्यानं दचकून झिंगा टोपलीत टाकला. वीस-बावीस झिंगे, एकावर एक, नुसती वळवळ. आता यातला आबा कुठला?

भिवरानं टोपली पाण्याच्या कडेला नेली, अर्धी बुडवली. दगड घेतले. विसाव्या टोल्याला आबा हात वर करतोच, हे तिला ठाऊक होतं. तिनं ठोकायला सुरुवात केली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. ठकठकठकठक, घाईघाईनं वीस झाले. एकानंही नांगी उचलली नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात केली. आता तिला शेवटाचीच भीती वाटायला लागली. विसावा टोला पडला आणि कोणी हललंच नाही तर? हात जड झाला. सोळा... सतरा... रेंगाळतच वीस झाले. झिंगे तसेच. दोन-चार तर हलेनासे झाले होते. डोहाच्या मध्यावर दोन लांब मिशा पाण्याबाहेर आल्या होत्या. राजा वाट बघत होता.

आत्याला आता सगळं कळलं होतं. "म्हसू रे," म्हणून ती मटकन खाली बसली. कढईखालचा विस्तव तिनं पाणी ओतून विझवला. हात जोडून म्हणाली, "भिवरे, आता चुकू नगंस गं बाय."

राहिली एकच वेळ. भिवरानं डोळे मिटले. छातीभरून श्वास घेतला आणि डोकं पाण्यात घातलं. आबासारखं. टोले मनानं मोजायचे नसतात, छातीनं मोजायचे असतात, हे आबानंच शिकवलं होतं तिला. ठक. ठक. ना घाई, ना रेंगाळणं. दहा. छाती दाटली. पंधरा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. अठरा. वर ये, वर ये, असं सगळं अंग ओरडत होतं. पण तिनं श्वास सोडला नाही. एकोणीस.

वीस.

टोपलीत, सगळ्यांच्या तळातून, एक नांगी वर आली. उजवी.

भिवरानं ती गच्च धरली. नांगी तिच्या बोटात रुतली, रक्त आलं. पोरीनं सोडली नाही. मग काय सांगू, नांगीचा हात झाला, हाताला खांदा आला, आणि टोपली मोडून म्हसू भोई पाण्यात बसकण मारून खोकत होता! भिवरा त्याच्या गळ्यात पडून रडली, रडली, किती रडली. "आबा, मी श्वास घेतला रे मध्ये," म्हणाली. म्हसूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "कळलं मला. खाली बसून तेच मोजत होतो. शेवटचे वीस मात्र बरोबर होते."

आत्या त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हसूची अर्धी मिशी गायब होती! ती पुन्हा कधी उगवलीच नाही. घाबरू नका, बाकीचे झिंगेच होते. तेही पाण्यात पडल्यावर टवटवीत होऊन पळाले.

मग आत्यानं चूल पुन्हा पेटवली. खोबऱ्या-कांद्याचं वाटण घालून झिंग्यांचं कालवण केलं, भाकरी थापल्या. म्हसूनं ताटात बघितलं आणि झिंगे हळूच बाजूला सारले. "आज नुसता रस्साच वाढ, आक्का," तो म्हणाला. "हे सगळे माझ्या ओळखीचे आहेत."

पुढे तिघं सुखानं राहिली. भिवरानं कितीतरी बुड्या मोजल्या, एकही चुकली नाही.

चला, आता पांघरुणं ओढा. मी मोजते हं. विसाव्याला कोणाचाही हात वर दिसता कामा नये. एक... दोन...