गोजरेचं मूठभर बी

ऐका भुईमाते, तुमची कहाणी.

आटपाट डोंगर होता, डोंगरावर गाव होतं. हिवाळ्यात तिथं पहाटेचं दव गोठे, पानांवर मिठासारखं पसरे. त्या गावात गोजरा नावाची गरीब माळीण होती. घरात ती आणि तिची सासू. एका साली उंदरांनी बियाणं खाल्लं. काकडीचं मूठभर बी तेवढं उरलं. ते उगवलं तर वर्षाची भाकर, नाही तर उपास.

संक्रांत झाली, दुपारचं ऊन तापू लागलं. गावानं काकडी लावली. सासू म्हणाली, आपणही लावू. मग गोजरा बी पदरात बांधून वाफ्यावर गेली. बांधावर एक म्हातारी गोधडी पांघरून कुडकुडत बसली होती. गोजरेनं तिला ऊन ऊन पेज आणून दिली. मग विचारलं, "आजी, पेरू का गं?"

म्हातारी म्हणाली, "बाळे, वसा घे. रोज पहाटे यावं, मातीवर तळहात ठेवावा. गार लागली तर बी माघारी न्यावं. माझ्या अंगावर गोधडी आहे तोवर थांब. उतू नको, मातू नको, शेजारणीचं बघून बी टाकू नको."

गोजरेनं वसा घेतला. शेजारीण अनसा, तिची काकडी उगवली. ती म्हणाली, "गोजरे, पदरालाच वेल फुटेल हं तुझ्या." मग दव गोठलं, अनसाचे कोंब काळे पडले. तिनं दुसऱ्यांदा पेरलं, दुसऱ्यांदा करपलं. तिसऱ्यांदा पेरलं, पानं डोलू लागली. सासू रडू लागली, सगळ्यांचं उगवलं, आपणच मरू म्हणाली. गोजरेचं मन चळलं. ती वाफ्यावर गेली, पदराची गाठ सोडली, वाकली. माती हाताला लागली, थंडगार. मग तिनं डोळे पुसले, गाठ पुन्हा बांधली. दुसऱ्या सकाळी साऱ्या गावचे वाफे काळे.

मग शिवरात्र आली. गोजरा पहाटे गेली. माती कशी होती? कुशीत निजलेल्या लेकरासारखी ऊबदार. गोधडी बांधावर टाकलेली, म्हातारी पदरानं वारा घेत बसलेली.

"उकडतंय बाई," ती म्हणाली. "पेर आता."

गोजरेनं पेरलं. मागं पाहिलं तर बांध रिकामा. मग तिनं ओळखलं, ही भुईमाता. हात जोडले.

बी उगवलं, वेल मांडवावर गेला, काकड्या लोंबू लागल्या. गावात दुसऱ्या कुणाकडे बी उरलं नव्हतं. अनसा येऊन उभी राहिली. गोजरेनं पहिली काकडी तिच्या ओटीत घातली. बियाला राखलेल्या पिकल्या की घरोघरी बी देईन म्हणाली. सासू कोशिंबीर खात साऱ्यांना सांगू लागली, "मीच म्हटलं होतं हिला, थांब म्हणून." गोजरा हसली, तिनं सासूला आणखी वाढली.

गोजरेच्या बियाला जशी ऊब मिळाली, तशी ऐकणाऱ्यांच्या, सांगणाऱ्यांच्या वाफ्याला मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत फळली, पुरी झाली.